रक्त येतं तिथेच ब्रश फिरवायचा

प्रश्न : माझं वय ४१. गेले सहा-सात महिने दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. आधी कधीतरी यायचं, आता रोज सकाळी बेसिनमध्ये लाल थुंकी दिसते. खालचे पुढचे दात तर ब्रश लागताच रक्ताळतात, म्हणून तिथे ब्रश लावणं मी सोडलंय. बोटावर पेस्ट घेऊन नुसती फिरवते. दुखत काहीच नाही. पण परवा मुलगी बोलता बोलता मागे सरकली आणि ‘आई, तोंडाला वास येतोय’ म्हणाली. तेव्हापासून मी तोंडावर हात धरून बोलते. दातांच्या डॉक्टरांकडून दात साफ करून घे, असं माझे पती म्हणतात. पण सासूबाईंनी तसे करून घेतले आणि वर्षभरात त्यांचे चार दात हलून पडले, म्हणून त्या नको म्हणतात. एका मैत्रिणीने सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सांगितल्या, दुसरीने कडक ब्रश. मागच्या वर्षी रक्तातली साखर काठावर निघाली होती, त्याचा काही संबंध असेल का? मी नेमकं काय करू?

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : ‘तिथे ब्रश लावणं मी सोडलंय.’ आज रात्रीपासून तिथे पुन्हा ब्रश लावायचा. मऊ ब्रश, हलका हात, पण लावायचाच. रक्त दिसलं की हात आपोआप आखडतो, हे मला ठाऊक आहे. हाताला जखम झाली तर तिला धक्का लावू नये, हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो आणि तोच नियम तोंडाला लावतो. हिरडीच्या बाबतीत तो उलटा पडतो. तिथलं रक्त ब्रशमुळे येत नसतं. दात आणि हिरडी जिथे भेटतात, त्या रेषेवर जंतूंचा थर साचलेला असतो. त्याच्याशी झगडायला शरीर तिकडे रक्ताचा पुरवठा वाढवतं, हिरडी सुजते, तिचं आतलं अस्तर इतकं नाजूक होतं की जरा स्पर्श झाला की रक्त येतं. ब्रश फक्त ते उघड करतो. तो बंद केला की रक्त दिसेनासं होतं आणि थर मात्र वाढत राहतो. तुमच्या बाबतीत गेले काही महिने हेच चाललंय.

हा थर तुम्हाला स्वतःला बघता येईल. उद्या सकाळी उठल्यावर, दात घासायच्या आधी, उजेडात आरशासमोर उभ्या राहा. खालचा ओठ बोटाने खाली ओढा आणि हिरडीची कड नीट बघा. निरोगी हिरडीची कड पातळ असते, दाताला घट्ट चिकटलेली, दोन दातांच्या मध्ये टोकदार. सुजलेली कड गोलसर, फुगीर, चकचकीत आणि गडद लाल दिसते. आता दाताच्या बुडाशी, हिरडीला अगदी लागून, नख हलकेच फिरवा. नखावर पांढरट-पिवळसर, मऊ, सायीसारखं काहीतरी येईल. त्याला प्लाक म्हणतात. बहुतेकांना ते अन्नाचं उरलंसुरलं वाटतं. खरं तर तो बव्हंशी जिवंत जंतूंचा, त्यांनीच तयार केलेल्या चिकट पदार्थात रुतून बसलेला थर असतो. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आन्तोनी फान लेवेनहूक याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा असाच थर खरवडून आपल्या भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव बघून तो थक्क झाला होता. जंतूंचं माणसाने केलेलं जवळजवळ पहिलंवहिलं वर्णन हे असं दातांवरच्या थराचं आहे.

चिकट असल्यामुळे हा थर नुसत्या चूळ भरण्याने जात नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी हिरडीला आराम पडतो, पण थर जागचा हलत नाही. त्याला घासूनच काढावं लागतं. बोटाने तुम्ही दाताचा फुगीर भाग पुसता. हिरडीच्या कडेखालच्या बारीक खाचेत बोट शिरतच नाही, आणि सगळा प्रश्न त्या खाचेतच आहे.

घासणं थांबवलं तर काय होतं आणि पुन्हा सुरू केलं तर काय होतं, याचं उत्तर १९६५ सालीच मिळालेलं आहे. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दातांची सगळी स्वच्छता थांबवायला सांगितली. १० ते २१ दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा नीट दात घासायला लावलं, आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण माझ्यासमोर घाबरून बसलेल्या माणसाला मी त्याच्या आधारावर ठामपणे सांगू शकते की सूज एवढ्यापुरतीच असेल तर ती मागे जाते, आणि तीही लवकर.

आता खालचे पुढचेच दात का, ते सांगते. जिभेचं टोक खालच्या पटाशीच्या दातांमागे, बुडाशी नेऊन बघा. तिथे खडबडीत, कडक, एखाद्या कठड्यासारखं काही लागतंय का? लागत असेल तर ते कीटण, म्हणजे टार्टर. जिभेखाली, अगदी त्या दातांच्या मागे, लाळग्रंथींच्या नळ्यांची तोंडं उघडतात. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. न काढलेला प्लाक त्यात भिजत राहिला की काही दिवसांतच त्याचा दगड बनायला लागतो. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही असाच साठा होतो, कारण तिथे दुसऱ्या लाळग्रंथीची नळी उघडते. म्हणजे तुमचं रक्त उगाच त्या जागी येत नाही. तिथे कीटण सर्वांत आधी धरतं, त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक आणखी सहज चिकटतो, आणि नेमका तिथेच तुम्ही ब्रश लावणं सोडलंत.

कीटण एकदा धरलं की घरच्या कुठल्याही ब्रशने निघत नाही. कडक ब्रशनेही नाही. मैत्रिणीने काळजीपोटी सांगितलं असेल, पण कडक ब्रशने आणि जोर लावून घासण्याने हिरडी खाली सरकते, दाताच्या मानेशी खाच पडते आणि मग थंड पाणी लागलं तरी कळ जाते. खाली सरकलेली हिरडी आपणहून परत वर येत नाही. नखाने, पिनेने, टाचणीने कीटण उकरायलाही जाऊ नका. ते काढायचं काम दातांच्या डॉक्टरांचं.

त्यामुळे सासूबाईंच्या अनुभवाबद्दल बोलायलाच हवं. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. त्याचं कारण मात्र वेगळं असावं. हिरडीची सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर काही जणांमध्ये ती आत उतरते. दाताला धरून ठेवणारे धागे सुटू लागतात आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड झिजायला लागतं. हे सगळं बहुधा न दुखता होतं. दात आतून मोकळा होत असतो आणि बाहेरून कीटणाचा जाड थर शेजारशेजारच्या दातांना प्लास्टरसारखा एकमेकांशी बांधून ठेवतो. डॉक्टरांनी ते काढलं की आधीपासूनच सैल झालेला दात हलताना जाणवतो, आणि दोष साफ करण्यावर येतो. आधार दाताला हाडाचा असतो. कीटणावर टेकलेला दात आज ना उद्या जाणारच होता. साफ करून घेणं दहा वर्षं आधी झालं असतं, तर कदाचित ते चारही दात आज त्यांच्या तोंडात असते. हे त्यांना सांगताना ‘तुमचं चुकलं’ असा सूर लागू देऊ नका. त्यांना कुणी वेळेवर समजावून सांगितलं नव्हतं, एवढंच.

दात साफ करून घेणं म्हणजेच स्केलिंग. त्यात काय होतं तेही ऐकून ठेवा, म्हणजे खुर्चीत बसल्यावर धास्ती वाटणार नाही. बारीक टोकाचं एक यंत्र अतिशय वेगाने कंप पावतं, त्यातून पाण्याचा फवारा येतो आणि कंपनांनी कीटणाचे कपचे सुटतात. आवाज चमत्कारिक येतो, पाणी तोंडात साठतं, काही जागी कळ जाते. सहन होत नसेल तर हात वर करा, जागा बधिर करून देतात. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. सराईत हाताने केलेल्या स्केलिंगमध्ये ते खरवडलं जात नाही. नंतर दोन गोष्टी जाणवतील आणि दोन्हींमुळे माणसं घाबरतात. दातांमध्ये फटी पडल्यासारखं वाटेल, कारण तिथे भरलेलं कीटण गेलेलं असतं आणि सुजलेली हिरडी आक्रसून आपल्या मूळ आकारात येत असते. आणि काही दिवस गारगरम लागल्यावर झिणझिण्या येतील, कारण इतके दिवस झाकलेला भाग उघडा पडलेला असतो. बहुतेकांचं हे काही दिवसांत ओसरतं.

तपासणीच्या वेळी डॉक्टर एक बोथट, खुणा असलेली सळई हिरडीच्या खाचेत हलकेच घालून खोली मोजतील. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. ‘दोन, तीन, दोन, पाच…’ असे आकडे म्हणत लिहून घेतले जातात. हे आकडे मिलिमीटरचे असतात. ३ पर्यंत ठीक. ४ आणि त्याच्या पुढे गेलं की खिसा तयार झालाय, म्हणजे तिथवर तुमचा ब्रश पोचणार नाही. तुम्ही स्वतः विचारा : माझे चार आणि त्याच्या वरचे आकडे किती आहेत आणि कुठे? क्ष-किरण चित्रात हाड झिजलेलं दिसतंय का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरतं की तुमची सूज वरवरची आहे, नुसत्या स्केलिंगने आणि घरच्या घासण्याने भागेल, की हिरडीच्या खाली मुळांवरूनही सफाई करावी लागेल. गेलेलं हाड आपणहून भरून येत नाही. पुढची झीज मात्र थांबवता येते. म्हणून सहा-सात महिने झालेत तर आणखी वाट बघू नका. या आठवड्यात वेळ घ्या.

साखरेचा संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार अधिक सहज होतो, अधिक वेगाने वाढतो. आणि हिरड्यांमध्ये सतत जळजळ राहिली की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांवर उपचार केले की त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी खाली येते, असं आढळलेलं आहे. तुमची तपासणी होऊन वर्ष झालंय, तेव्हा ती पुन्हा करून घ्या आणि तो कागद दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. त्यांना तुमच्या गोळ्यांची नावंही सांगा. फिट्सवरची फेनिटॉइन, रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिन यांसारख्या काही औषधांनी हिरड्या फुगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. त्यातलं काही चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

सी जीवनसत्त्वाचं म्हणाल, तर त्याच्या तीव्र अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही या आजारात हिरड्यांतून रक्त येतं, हे खरं. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन तो बरा होतो हे दाखवलं. ती खलाशी मंडळी महिनोन्महिने ताज्या फळाभाजीवाचून समुद्रावर असत. रोज ताजं खाणाऱ्या माणसाला स्कर्व्ही क्वचितच होतो, आणि गोळीने दातावरचा थर निघत नाही.

आता हात कसा चालवायचा, ते सावकाश वाचा, कारण वर्षानुवर्षं दोन वेळा दात घासणारी माणसंही नेमकी हिरडीची रेषा चुकवतात. ब्रश मऊ, डोकं लहान. पेन धरतो तसा बोटांत धरा. मुठीत धरला की जोर आपोआप वाढतो. केसांची टोकं दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरकी टेकवा, साधारण ४५ अंशांत, अर्धी दातावर आणि अर्धी हिरडीच्या कडेवर. मग जागच्या जागी, अगदी लहान थरथर द्या. टोकं खाचेत किंचित शिरल्याचं जाणवेल. दोन-तीन दात झाले की पुढे सरका. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आडवा ब्रश बसत नाही, तिथे तो उभा धरा आणि पुढच्या टोकाने प्रत्येक दात वेगळा करा. सगळं मिळून दोन मिनिटं. एकदा घड्याळ लावून बघा. आपल्याला वाटतात त्यापेक्षा ती पुष्कळ लांब असतात. ब्रशचे केस बाहेर फाकले की, किंवा तीन-चार महिन्यांनी, तो बदला. पंधरा दिवसांतच फाकत असतील तर हात जड आहे.

पेस्ट फ्लोराइडची घ्या, नळीवर १००० ते १५०० पीपीएम असं लिहिलेलं असतं. बाकी रंग, चव, जाहिराती यांनी फारसा फरक पडत नाही. घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पण खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहू द्या. दात पांढरे करायला कोळशाची पूड किंवा लिंबू मात्र लावू नका. पुडीने कवच घासलं जातं, आम्लाने ते विरघळतं, आणि ते पुन्हा उगवत नाही.

सकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा. घाई असेल तर सकाळची वेळ पुढेमागे होऊ दे, रात्रीची चुकवू नका. झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि लाळ हीच तोंडाची रात्रंदिवसची राखणदार आहे. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नका.

ब्रशला न पोचणारी जागा उरते ती दोन दातांमधली. दाताच्या पाच बाजू असतात आणि त्यातल्या दोन शेजारच्या दातांना टेकलेल्या. हिरडीचा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. फटी अरुंद असतील तिथे फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा, रुंद असतील तिथे बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा इंटरडेंटल ब्रश. त्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्या. अलगद घट्ट बसला पाहिजे, कोंबावा लागू नये. फ्लॉसचा दोरा खाली खसकन ओढू नका, हिरडी कापली जाते. करवतीसारखा मागेपुढे करत आत न्या, एका दाताला कवेत घ्या, वर-खाली दोन-तीनदा पुसा, मग शेजारच्याला. पहिले काही दिवस तिथूनही रक्त येईल. थांबू नका.

आणि हा दोरा एकदा नाकाशी धरून बघा. तुमच्या मुलीला जो वास आला तो बहुधा हाच. दातांमधले, खिशांमधले आणि जिभेच्या मागच्या भागावरचे जंतू प्रथिनं कुजवतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात. म्हणून जीभही मागपर्यंत हलक्या हाताने साफ करा. माउथवॉशने वास तासाभरापुरता झाकला जातो. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी दिला तर सांगितलेले दिवसच वापरा; फार दिवस घेतला तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. मुलीने ते तोंडावर सांगितलं याचं वाईट वाटून घेऊ नका. बाहेरच्या कुणी ते कधीच सांगितलं नसतं.

साधारण दोन आठवड्यांत रक्त बरंच कमी व्हायला हवं. नाही झालं, तर कीटण राहिलंय, खिसा खोल आहे, किंवा कारण हिरडीबाहेरचं आहे; तेव्हा पुन्हा दाखवा. हिरडीतून पू येणं, दात हलणं, चावताना दात उंच लागणं यांसाठी तर दोन आठवडेही थांबायचं नाही. चेहरा सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर तोही तपासून घ्या, दुखत नसला तरी.

घरात कुणी धूम्रपान करत असेल तर त्यांच्यासाठी एक गोष्ट : सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आणि त्यांना वाटतं आपलं सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात आजार त्यांच्यात जास्त असतो. फक्त रक्तस्रावाची खूण झाकली जाते. त्यांनी रक्ताची वाट न बघता तपासणीला जावं.

डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंनाही बरोबर न्या. त्यांचे उरलेले दात असतील तर त्यांच्या हिरड्यांची खोली मोजून घेता येईल, आणि कवळी वापरत असतील तर तिच्याखालची हिरडी बघून होईल. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवायची असते. कित्येकजण ती दिवसरात्र तोंडातच ठेवतात आणि खालची कातडी लाल होते. तुमचं स्केलिंग होत असताना त्यांना शेजारी बसू द्या. चिमट्याने उचलून दाखवलेला कीटणाचा तुकडा एकदा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, असं मला फार वाटतं.